शहाण्णव टक्क्यांचा चोर

"दोघांचे प्रोग्राम सारखे निघालेत, म्हणजे दोघांतला एक चोर आहे. कोण ते मला आज संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे," भाऊसाहेब रणनवरे म्हणाले आणि त्यांनी कालिंदीकडे असं पाहिलं, की उत्तर त्यांना आधीच ठाऊक असावं.

भाऊसाहेब कॉलेजचे संस्थापक. इमारतीवर, बसवर, कँटीनच्या कपबश्यांवरसुद्धा त्यांचंच नाव. ज्या दोघांचे प्रोग्राम जुळले त्यांतला एक त्यांचा सख्खा पुतण्या शार्दूल. दुसरी कालिंदी शेवाळे, टेम्पो चालवणाऱ्या दगडू शेवाळेची मुलगी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता तो, तालुक्यातल्या एसटी गाड्यांचं वेळापत्रक जुळवून देणारा. कालिंदीने तो महिनोन्‌महिने खपून लिहिला आणि घरी कॉम्प्युटर नसल्यामुळे लॅबमध्येच ठेवला. तिथून तो शार्दूलच्या नावावर कसा गेला हे सांगायला साक्षीदार नव्हता. फाइलची तारीख पाहावी, तर लॅबमधल्या कॉम्प्युटरांच्या घड्याळाचे सेल केव्हाच मेलेले. तिथे बारा महिने एक जानेवारीच असायची.

जो चोर ठरेल त्याला कॉलेजातून काढून टाकणार होते. विभागप्रमुख टिल्लू सरांना त्यात काही अवघड वाटत नव्हतं. आजवर ते सबमिशनची फाइल हातावर तोलून मार्क देत आले होते. आता त्यांनी दोन घरं तोलली आणि शार्दूल घरंदाज मुलगा असल्याचं नम्रपणे सुचवलं.

"मीच लिहिलाय, साहेब," कालिंदी म्हणाली.

"लिहिता येतं ना? मग आत्ता इथं बसून दुसरा लिही," भाऊसाहेब म्हणाले. "दोन प्रोग्राम एकमेकांशी किती जुळतात ते मोजणारा. आणि चोर कोण ते त्या मशीनच्या आकड्यांनी सांगितलं पाहिजे. शपथा नकोत, रडारड नको. नाही सांगितलं, तर चोर तू."

कालिंदी बसली. शार्दूलने नावं बदलली होती, ओळी वरखाली केल्या होत्या, तिच्या टिपा पुसून स्वतःच्या घातल्या होत्या. म्हणून तिने असा प्रोग्राम लिहिला, की तो नावं वाचतच नाही. कशाच्या पोटात काय आहे, कशानंतर काय येतं, फिरून काय होतं, एवढाच सांगाडा तो पाहतो. दुपारी तो चालला. पडद्यावर आकडा आला, शहाण्णव टक्के.

"कोण कोणासारखं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"शार्दूलचा प्रोग्राम माझ्यासारखा, साहेब."

"आणि तुझा शार्दूलसारखा किती?"

"शहाण्णवच."

टिल्लू सर मोठ्याने हसले. शार्दूलने खुर्चीत अंग सैल सोडलं. भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मशीनला जे कळत नाही ते आपल्याला कळतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून ते उठू लागले.

कालिंदीला स्वतःचाच राग आला. हे दोन प्रोग्राम एकमेकांशीच मोजायचे, हे कोणी ठरवलं होतं? तिने टिल्लू सरांकडे त्यांच्या कपाटाची किल्ली मागितली.

त्या कपाटाची एक गंमत होती. दर सत्राला प्रत्येक विद्यार्थ्याने आपले सगळे प्रोग्राम सीडीवर भरून द्यायचे, असा नियम. तपासणीला समिती यायची, कपाट भरलेलं आहे ना एवढं पाहायची आणि जेवायला जायची. त्यातली एकही सीडी आजवर कोणी मशीनमध्ये घातली नव्हती. सर कुरकुरले, पण भाऊसाहेबांनी मान हलवली. ओढणीने धूळ पुसत कालिंदीने पहिल्या वर्षापासूनच्या आपल्या आणि वरच्या वर्गाच्या सगळ्या सीडी मशीनला खाऊ घातल्या.

उन्हं कलली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, आता मी माझा प्रकल्प माझ्याच जुन्या कामाशी मोजलाय. पन्नास टक्के. काम निराळं, पण माझी खोड तीच. वर्गात दुसऱ्या कोणाच्या कामाशी तो इतकाही जुळत नाही, शार्दूलचा प्रकल्प सोडला तर."

"आणि शार्दूल?"

"पहिल्या सत्रात तो वर्गातल्या प्रणवशी जुळतो, दुसऱ्यात नुसरतशी, तिसऱ्यात आदल्या वर्षी पास झालेल्या मुलाशी, आता माझ्याशी. नव्वदच्या खाली कुठंच नाही."

"काका, मी दर वेळी नवीन पद्धत वापरतो," शार्दूल म्हणाला.

"खरंय," कालिंदी म्हणाली, "फक्त ती पद्धत दर वेळी दुसऱ्याच्याही सीडीत असते. साहेब, शार्दूल सगळ्या वर्गासारखा आहे. तो फक्त शार्दूलसारखा नाही. स्वतःशी त्याचा आकडा आहे नऊ."

शार्दूल बुटांकडे पाहत राहिला. भाऊसाहेबांचा चेहरा तांबडा झाला. पुतण्या उघडा पडला होता आणि तोही टेम्पोवाल्याच्या पोरीपुढे. त्यांनी शिपायाला पाठवून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेली स्वतःची वर्धापनदिनाची दहा वर्षांची भाषणं सीडीवर आणवली.

"आता ही घाल त्यात. बघू तुझं मशीन मला काय म्हणतंय."

टिल्लू सरांनी डोळे मिटले. कालिंदीने प्रोग्राममध्ये थोडा बदल करून त्याला वाक्यं मोजायला लावलं आणि मशीन चालवलं. पडद्यावर अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर असे आकडे उमटत गेले. दहाही वर्षं भाषण एकच होतं.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "चोरीचा संशयसुद्धा घ्यायला जागा नाही. या कॉलेजात स्वतःशी इतकं जुळणारा दुसरा माणूस मला सापडला नाही."

भाऊसाहेब असे हसले, की टेबलावरची पाण्याची बाटली आडवी झाली. हसू आवरल्यावर त्यांनी शार्दूलला पहिल्या सत्रापासून पुन्हा बसायला सांगितलं. उद्घाटनाचं बटण दाबण्यापुरताच वापरलेला आपला कोरा लॅपटॉप त्यांनी कालिंदीच्या हातात ठेवला.

"आणि उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "आपल्या प्राध्यापकांचे पीएचडीचे प्रबंध मोजायचेत."

त्या संध्याकाळी कॉलेजच्या ऑफिसातले रजेचे अर्ज संपले. पहिला टिल्लू सरांनी नेला.