गिळलेली हाळी

फार फार वर्षांमागे डोंगरातल्या एका तळ्याचं पाणी लांबलचक पाटाने खालच्या गावाला जायचं. पाटावर तीन पाटकरी. एक वर तळ्याच्या दाराशी, एक मध्ये, एक खाली गावाजवळ. रीत अशी, की ज्याच्याने अडचण निस्तरत नाही त्याने वर हाळी टाकायची. वरच्याने ऐकली की ‘झेलली’ म्हणायचं. त्याच्यानेही जमलं नाही, तर त्याने आणखी वर टाकायची. तळ्याचं दार पाडून पाणी बंद करणं शेवटी वरच्या म्हाताऱ्याच्या हातात.

मधला पाटकरी भारी बढाईखोर. आदल्याच दिवशी भाकरी खाताना म्हाताऱ्याला म्हणाला होता, “बाबा, माझ्याकडून तुम्हाला हाळी यायचीच नाही. बघाच तुम्ही.” असं बोलून बसलं की माणसाची काय गत होते, ते का तुम्हाला सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच खालून हाळी आली. “पाट फुटला, पाणी पेवांकडे निघालंय!” जमिनीतल्या त्या पेवांत साऱ्या गावाचं बियाणं होतं.

मधल्याने वर पाहिलं. आता हाळी टाकावी तर म्हातारा हसणार. त्याने खाली तोंड करून ओरडून सांगितलं, “झेलली!” आणि गवत, चिखल घेऊन आपल्याच हद्दीत पाट अडवायला बसला. पेंढा टाकावा, की पाण्याने न्यावा. दुपार झाली. आता सांगितलं तर ‘इतका वेळ काय करत होतास’ म्हणतील, म्हणून अजूनच गप्प बसला.

उन्हं कलली तेव्हा कुठे त्याने रडवेल्या आवाजात हाळी टाकली. म्हाताऱ्याने काही न विचारता दार पाडलं.

दोघे खाली गेले. खालचा पाटकरी पेवाच्या तोंडाशी भिजलेली ज्वारी मुठीत धरून बसला होता.

“दादा,” तो म्हणाला, “तू ‘झेलली’ म्हणालास, म्हणून पाणी थांबेल या भरवशावर बसलो. नाहीतर सकाळीच बियाणं उपसून टेकडीवर नेलं असतं.”

मधल्याला मान वर करवेना. म्हातारा हळूच म्हणाला, “मी हसलो नसतो रे. आणि हसलो असतो, तरी काय बिघडलं असतं?”

त्या साली मधला पाटकरी झोळी घेऊन गावोगाव बियाणं मागत हिंडला. दारोदारी लोक विचारत, “तुमचं कुठं गेलं?” आणि एकाचं हसू ज्याला सोसवलं नाही, त्याला प्रत्येक उंबऱ्यावर सगळी हकिकत सांगावी लागली.

म्हणून बाळांनो आणि बाप्यांनो, आपल्याने जे निस्तरत नाही ते गिळू नये. वेळेवर वर सांगावं.