पाय धुण्याचा गुरुवार

तुम्हाला थाप वाटेल, पण मी पुढच्याच बाकावर होतो. पवित्र गुरुवारी आमच्या वसईकडच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. अकरा जणांचे धुऊन झाले. बारावा इनास केळीच्या वाडीतून थेट आलेला, घोट्यापर्यंत चिखल!

अकराव्या खुर्चीवरचे ट्रस्टी दुमिंगशेट खेकसले, "ऊठ तिथून! पाय धुऊन यायची अक्कल नाही?"

इनास हळूच म्हणाला, "शेट, मी धुऊन आलो असतो, तर फादरनी काय धुवायचं?"

फादरनी परातीत पाहिलं आणि ते हादरलेच. अकरा जणांचे पाय धुऊनही पाणी नितळच होतं. मग ते इनासपुढे गुडघ्यांवर बसले.