देवीचा नारळ आणि बांधलेली सायकल

घाटात बोगदा व्हायच्या आधीची गोष्ट. इरावतीने आपली शर्यतीची सायकल झोपायची-रांधायची सोय असलेल्या व्हॅनमध्ये घेतली. पुढचं चाक काढलं, सायकलीला गोधडी गुंडाळली आणि रुंद पट्ट्याने तिला भिंतीशी आवळलं.

सायकलीला नवल वाटलं. "पट्टेदादा, पळणारीला बांधतात कशाला?"

"घाट लागला की कळेल," पट्टा म्हणाला.

वरच्या फळीवर घाटमाथ्याच्या देवीसाठी घेतलेला नारळ होता. तो हसला. "मला बघ! देवीच्या नारळाला कोण बांधणार?"

खरंच होतं. इरावतीने त्याला फडक्यात बांधायला घेतलं होतं, पण देवीचा म्हणून नुसता नमस्कार करून तसाच ठेवला.

तिसऱ्या वळणावर म्हैस आडवी आली. करकचून ब्रेक लागला. पट्टा ताणला गेला, पण त्याने सायकलीला सोडलं नाही. नारळ मात्र उडाला, गोधडीवर आपटला आणि खाली पडून फुटला.

"अगोबाई, देवळाआधीच फुटला!" इरावती हळहळली.

माथ्यावर तिने पट्टा सोडला, चाक बसवलं. सायकल पठारभर हुंदडून आली. इरावतीचं जेवण झाल्यावर पट्ट्याने सायकलीला पुन्हा जवळ घेतलं.

"दादा, नारळ देवीला पोचला का?"

"नाही गं," पट्टा म्हणाला. "चटणीत गेला."