चाळीस कवड्या आणि थिजलेली नदी

एका राज्यात एक नदी होती आणि ती वाहत नव्हती. शुभ्रा तिचं नाव. तिच्या लाटा उठल्या तशाच उभ्या होत्या, कड्यावरची धार अधांतरी थिजली होती, आणि आतले मासे काचेत बसवल्यासारखे दिसत. हातोडा मारला तर ठिणगी उडे, पाण्याचा थेंब निघत नसे.

हे कसं झालं, ते आधी ऐका.

राजा पूर्णकेतूने एकदा भर दरबारात विचारलं, "शुभ्रा नदी वळवून माझ्या बागेत आणावी म्हणतो. तुमचं मत काय?" दरबारात शंभर माणसं होती. खालची गावं तहानेने मरतील हे शंभरही जणांना ठाऊक होतं. त्यांनी राजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि शंभर हात वर गेले.

त्याच क्षणी नदीकाठी राहणारी जादूगारीण तमालिका ओलेत्याने दरबारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "इथे शंभर माणसांचा मिळून एकच हात आहे. अशा राज्यात नदीने तरी कुणासाठी वाहावं?"

आणि नदी थिजली.

राजा तिच्या पाया पडला, उःशाप मागू लागला. तमालिका म्हणाली, "मोठ्यांच्या हातांना आता सवय लागली आहे. टेकडीवरच्या विद्यालयात पंधरा वर्षांची चाळीस मुलं आहेत. त्यांनी आपला नायक निवडावा. प्रत्येकाला एक पांढरी कवडी. ज्याचं मत त्याचं स्वतःचं नसेल, त्याची कवडी काळी पडेल. एकही काळी पडली नाही, तर नदी सुटेल. संधी तीन. तिसरीही गेली, तर नदीची वाळू होईल."

विद्यालयाच्या आवारात एक बारीक झरा तेवढा वाहता राहिला होता. त्यावर दगडी झाकण बसवलं होतं, आणि त्याची किल्ली नायकाकडे राहायची होती. साऱ्या खोऱ्याला पाणी कसं वाटायचं, हे तोच ठरवणार होता.

विद्यालयात मृणाळा नावाची मुलगी होती. तिचे वडील नावाडी होते. त्यांची नाव नदीच्या मधोमध अडकून पडली होती, आणि ते रोज काठावर येऊन नुसते तिच्याकडे बघत बसत. मृणाळा विद्यालयात आली तेव्हा तिच्या पायात जोडे नव्हते. मुलं हसली होती. तेव्हा सेनापतीची मुलगी लवंगिका रांगेतून बाहेर आली, तिने स्वतःचे जरीचे जोडे काढून भिरकावले आणि मृणाळाचा हात धरून अनवाणी वर्गात शिरली. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या झाल्या.

नायकपदासाठी दोघं उभी राहिली. एक लवंगिका. दुसरा ऋतुध्वज, कुंभाराचा मुलगा, कमी बोलणारा, आणि बोलला की टोचणारा. मृणाळाला तो मुळीच आवडत नसे. एकदा तिच्या हातून घागर कलंडली, तेव्हा सगळ्यांसमोर तो तिच्यावर ओरडला होता.

लवंगिका म्हणे, "मी नायिका झाले तर विद्यालयाला रोज दोन घागरी जास्त. बाकीच्यांचं मी बघून घेईन. कुणाला तहानलेलं ठेवणारी मी नव्हे." ऋतुध्वज म्हणे, "घरटी एक घागर. विद्यालय असो की राजवाडा." मुलांचे दोन तट पडले. एका ताटात जेवणारे एकमेकांकडे पाठ करून बसू लागले.

पहिल्या मतदानाच्या सकाळी लवंगिकेने मृणाळाला विचारलंसुद्धा नाही. वेणी घालता घालता म्हणाली, "तुझं तर धरूनच चाललेय मी." पडद्याआड दोन घट ठेवले होते. मृणाळाने लवंगिकेच्या घटात कवडी टाकली, आणि तिच्या तळहाताला बर्फासारखा चटका बसला. मोजणी झाली, बारा कवड्या काळ्या निघाल्या. कुणाच्या, ते ज्याचं त्याला कळलं. बोललं कुणीच नाही.

दुसऱ्या मतदानाआधी आचार्य वसुहोम तिला म्हणाले, "मुली, मैत्रीपलीकडे बघायला शीक. ऋतुध्वज विचारी मुलगा आहे." आचार्यांचा शब्द मृणाळाला मोठा वाटला. तिने ऋतुध्वजाच्या घटात कवडी टाकली. पुन्हा तोच चटका. या वेळी काळ्या कवड्या नऊ होत्या, आणि नदीच्या काठाकाठाने वाळूची एक कड दिसू लागली होती.

मृणाळा गोंधळून गेली. मैत्रिणीला दिलं तरी चूक, तिच्याविरुद्ध दिलं तरी चूक. मग बरोबर म्हणजे काय? घट तर दोनच होते.

टेकडीमागच्या रानात एक बोलका भारद्वाज राहत असे. तांबड्या डोळ्यांचा, विटकरी पंखांचा. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देतो अशी त्याची ख्याती होती. मृणाळा पहाटेच त्याच्या झाडाखाली गेली.

"पक्षिराज, मी मत कुणाला देऊ?"

"तीन कामं कर," भारद्वाज म्हणाला, "मग ये." त्याने तीन काळी पिसं खाली टाकली. "खोऱ्यातल्या शेवटच्या घरचं घोटभर पाणी आण. लवंगिकेबद्दलची एक खरी तक्रार आण, पण तिच्यावर जीव असलेल्या माणसाकडून. आणि ज्याचा तुला राग आहे, त्याचं एक खरं कौतुक त्याच्या तोंडावर कर. काम झालं की पीस पांढरं होईल."

मृणाळा पहिल्या कामाला निघाली. खोऱ्याच्या टोकाला विणकराचं घर होतं. मागाजवळ बसलेल्या बाईने तिचं म्हणणं ऐकून घेतलं, आत जाऊन वाटीत तळाशी मावेल एवढं पाणी आणलं. मागे दारात मुलं उभी होती, ती त्या वाटीकडे बघत होती.

"एवढंच, गं मुली. आम्ही नऊ माणसं आहोत. शेजारच्या घरात दोघं."

"ऋतुध्वज निवडून आला तर घरटी एक घागर मिळेल," मृणाळा म्हणाली.

बाई हसली. "दोघांना एक, नवांना एक? आणि ती सेनापतीची मुलगी?"

"ती आधी विद्यालयाला देईल. मग ज्याला गरज असेल त्याला."

"गरज तिला दिसेल का इतक्या लांबून?"

मृणाळाने ते पाणी जपून बरोबर घेतलं. पीस पांढरं झालं, पण ती आली होती त्याहून जास्त गोंधळून परतली. दोघांचंही चुकत होतं.

विद्यालयात पोचताच तिने लवंगिकेला सगळं सांगितलं. लवंगिका दर्पणासमोर भाषण पाठ करत होती. ती म्हणाली, "निवडून आल्यावर बघू गं. आत्ता कुठे घरं मोजत बसू?" आणि पुन्हा पाठ करू लागली.

दुसऱ्या कामासाठी मृणाळा दोन दिवस फिरली. लवंगिकेच्या दाईला विचारलं. ती म्हणाली, "माझं बाळ? तिच्यात खोट नाही." तिच्या तटातल्या मुलांना विचारलं. ते म्हणाले, "तू फितूर झालीस का?" काळं पीस काळंच राहिलं. तिसऱ्या दुपारी ती अंगणातल्या पारावर एकटी बसली होती, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "ती मला कधी विचारतच नाही. काय खायचं, कुठे बसायचं, कुणाशी बोलायचं, सगळं तीच ठरवते. आणि मी ठरवू देते."

मांडीवरचं पीस पांढरं झालं. मृणाळाला रडू फुटलं. मैत्रिणीची चहाडी केल्यासारखं तिला वाटत होतं, आणि ऐकायला तिथे कुणीही नव्हतं.

तिसरं काम सगळ्यांत अवघड. ऋतुध्वज झऱ्यापाशी पाटीवर वाटपाचा आराखडा मांडत बसला होता. मृणाळा त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुझं अक्षर छान आहे," ती म्हणाली. पीस काळंच. अक्षर खरोखरच भयंकर होतं.

"काय हवंय तुला?" त्याने वर न बघता विचारलं.

तिने दात आवळले. "घागर सांडली तेव्हा तू ओरडलास. तुझं बरोबर होतं. मी बोलण्याच्या नादात होते."

पीस पांढरं झालं. ऋतुध्वजाने मान वर केली. "ओरडायला नको होतं," तो म्हणाला. "माझी आई रोज त्या पाण्यासाठी दोन कोस चालते. त्याचा राग तुझ्यावर निघाला."

मग मृणाळाने त्याला विणकराच्या घरची गोष्ट सांगितली. त्याने पाटीवरचे आकडे बोटाने पुन्हा मोजले.

"नऊ माणसं," तो म्हणाला. "हे मी धरलंच नव्हतं." आणि त्याने हाताने सबंध पाटी पुसली.

मृणाळा ते पाणी आणि तीन पांढरी पिसं घेऊन रानात गेली. "झालं," ती म्हणाली. "आता सांगा, मत कुणाला देऊ?"

"मला काय माहीत?" भारद्वाज म्हणाला. "मी पक्षी आहे. मला मत नाही."

"मग ही कामं कशाला सांगितलीत?"

"तेव्हा तुला काही ठाऊक नव्हतं म्हणून तू गोंधळली होतीस. आज ठाऊक आहे म्हणून गोंधळली आहेस. हा गोंधळ बरा." एवढं बोलून तो उडून गेला. मृणाळाला त्याचा फार राग आला.

तिसऱ्या मतदानाचा दिवस उजाडला. राजा पूर्णकेतू स्वतः टेकडी चढून आला आणि खाली मातीत बसला. निम्म्या नदीची वाळू झाली होती. मृणाळाचे वडील काठावर उभे होते. पडदा सरकवणार इतक्यात मृणाळा पुढे झाली.

"आचार्य, आधी मला बोलायचं आहे."

"बोल."

"दोन्ही वेळा माझी कवडी काळी पडली. पहिल्यांदा मी लवंगिकेला वाईट वाटू नये म्हणून मत दिलं. दुसऱ्यांदा तुम्हाला बरं वाटावं म्हणून." मग ती सगळ्या मुलांकडे वळली. "कुणाला मत द्यावं, ते मला आजही नीट कळत नाही. पण आज मी कुणाच्या तोंडाकडे बघणार नाही."

मग मागून एक मुलगा उठला. "माझीपण काळी होती. मला दोन घागरी हव्या होत्या, बाकी मी विचारच केला नाही." मग एक मुलगी उठली, मग आणखी दोघं. आचार्यांनी मान खाली घातली. "त्या मुलीच्या दुसऱ्या कवडीला मी काळं केलं," ते हळूच म्हणाले.

सर्वांत शेवटी लवंगिका उठली. तिचा चेहरा उतरला होता.

"माझीही," ती म्हणाली. "दोन्ही वेळा, माझ्याच घटातली. उभी राहा असं आईने सांगितलं होतं. मला हवं आहे का, हे मी कधी विचारलंच नाही."

"मग तू माघार घेतेस?" आचार्यांनी विचारलं.

तिने मृणाळाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "नाही. आज मी माझ्या मनाने उभी राहते. विद्यालयाच्या दोन जास्तीच्या घागरींचं वचन मागे घेते. शेवटच्या घरापासून वाटायला सुरुवात करेन."

ऋतुध्वज म्हणाला, "मीही घरटी नाही, माणशी वाटेन."

आता तर दोघांचं म्हणणं जवळजवळ एकच झालं. मृणाळा पडद्याआड गेली आणि दोन घटांमध्ये उभी राहिली. एकीकडे अनवाणी चाललेली लवंगिका होती, आज सगळ्यांसमोर खरं बोललेली. दुसरीकडे तिच्याखेरीज कुणी बघत नसताना पाटी पुसणारा ऋतुध्वज होता. बाहेरून कुणी खाकरलं. तिचा हात एका घटावर गेला, मागे आला. लवंगिकेने आपलं म्हणणं सगळ्यांच्या देखत बदललं, आणि त्याने फक्त तिच्यासमोर, हे तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. तेवढ्यावरून ठरवावं का, हेही तिला कळेना. तिने डोळे उघडे ठेवून ऋतुध्वजाच्या घटात कवडी टाकली.

तळहात कोरडा राहिला, उबदार राहिला. खात्री तिला तेव्हाही नव्हती.

मोजणी झाली. ऋतुध्वजाला एकवीस, लवंगिकेला एकोणीस. चाळीसही कवड्या दुधासारख्या पांढऱ्या होत्या.

आधी कड्यावरची धार तुटून खाली आली. मग लाटा पडल्या, वाळूचं पाणी झालं, मासे शेपट्या हलवत निघून गेले. मृणाळाचे वडील अंगरख्यासकट पाण्यात उतरले आणि वाहत येणाऱ्या नावेला त्यांनी मिठी मारली. राजाने नदीचं पाणी ओंजळीत घेऊन तिची क्षमा मागितली. पुढे त्याच्या दरबारातही पडदा लागला, दोन घट आले, आणि मत विचारताना राजा स्वतः बाहेर जाऊन बसू लागला.

त्या गर्दीत लवंगिका मृणाळाजवळ आली. "कुणाला दिलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. "ऋतुध्वजाला."

लवंगिकेने मनाशी हिशेब केला. "तू मला दिलं असतंस तर वीस-वीस झाले असते."

"हो."

लवंगिका पाठ फिरवून निघून गेली. त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मृणाळा एकटी जेवली, एकटी पाठ म्हणाली. आपण बरोबर केलं की चूक, हे तिला अजून उमगत नव्हतं.

नदी वाहू लागल्यावर पाणी वाटायचं काम संपलं होतं, आणि नावेच्या पाळ्या लावायचं काम नायकाकडे आलं होतं. चौथ्या दिवशी लवंगिका तरातरा आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. "तुझ्या नायकाने नावेतून नदीपार जाण्याच्या पाळ्या कशा लावल्यात, पाहिल्यास? पैलतीरची लहान पोरं सगळ्यांत शेवटी."

मृणाळाने विचार केला. लवंगिका थांबून राहिली. इतका वेळ ती आजवर कधी थांबली नव्हती.

"ते चूक आहे," मृणाळा म्हणाली.

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"नाही. मलाच तसं वाटतं."

"मग ऊठ," लवंगिका म्हणाली, "त्याला जाऊन सांगू."

आणि दोघी भांडायला निघाल्या. पाण्याचा आवाज इतका मोठा होता की वाटेत त्यांना एकमेकींशी ओरडून बोलावं लागलं.