दाविदाची किल्ली

तांबेवढ्याला ओढ्याच्या अलीकडे ख्रिस्ती वस्ती होती. तिथे चिंचेखालच्या खोपटात नहेम्या महाराज हे ख्रिस्ती साधू राहत. नाताळाआधीचे आगमनाचे दिवस आले की वस्तीत एक लाकडी किल्ली निघे, हातभर लांब, बाभळीची. दाविदाच्या घराण्याची किल्ली मसीहाच्या खांद्यावर असेल आणि तो उघडील ते कोणी बंद करू शकणार नाही, असे यशया संदेष्टा सांगून गेला आहे. म्हणून ती किल्ली खांद्यावरच वाहायची आणि घरोघर भजन करीत फिरायचे. त्या साली किल्ली वाहण्याचा मान वस्तीतल्या दीनाबाईचा होता.

त्याच साली ओढा आटला. गावच्या बारवेला हैबतराव पाटलांनी दार बसवून कुलूप घातले आणि वस्तीचे पाणी तोडले. दीनाबाईची नात तापाने फणफणली होती आणि घरातला माठ कोरडा.

"महाराज, पाटलाच्या पाया पडून येऊ का?"

महाराज म्हणाले, "पाया कशाला? किल्ली तुझ्या खांद्यावर आहे. सुनेला म्हणावं घागर घे, आणि चला."

भर दुपारी भजन बारवेवर आले. पाटील पान चघळत पायरीवर बसले होते.

"काय गं दीने, दांडक्यानं लोखंडी कुलूप उघडतीस व्हय? त्यापरीस चुलीत घाल ते."

लोक हसले.

"चुलीला तुमचं दार बरं पडंल, पाटील," दीनाबाई म्हणाली. "सरका, पोर तहानलीय."

महाराजांनी डोळे मिटले. "ये, दाविदाच्या किल्ली." दीनाबाईने खांदा पुढे केला. लाकडाचे टोक टेकले मात्र, कुलूप सुटून खाली पडले.

सुनेने पहिली घागर घरी पळवली. पाणी पोटात जाताच पोरीने डोळे उघडले. इकडे पाटलांनी दार ओढून कुलूप दाबले, लागेना. वाड्यावरून दुसरे आणवले, तेही लागेना. अडसर घातला तो निखळला. उन्हात झटून झटून ते दारापाशीच कोसळले. "पाणी," एवढेच म्हणाले.

वस्तीतल्या माणसाला गाव आजवर वरून, ओंजळीतच पाणी घाली. सुनेने पुन्हा भरून आणलेली घागर घेऊन दीनाबाई उभी राहिली.

"पाज त्यांना," महाराज म्हणाले. "त्यानं उघडलंय ते सगळ्यांना उघडलंय."

पाटलांनी गुडघे टेकून ओंजळ धरली. पोटभर प्याले. मग ओल्या हातांनी महाराजांचे पाय धरू लागले, तसे महाराज मागे सरले.

"माझे नव्हेत. तिचे."

आणि सगळ्या गावादेखत हैबतराव पाटील दीनाबाईपुढे वाकले.