खटका सोडून गेलेले

"मग तुम्हीच सांगा चाचा, खरा खटका कोणता? त्या पोरांचा की माझा?"

उमाकांत तारळेकरने विचारलं खरं, पण घशातून आवाज म्हणावा असं काही निघालं नाही. नुसती हवा निघाली, खरखरीत.

समोर दस्तगीर चाचा शेंगा सोलत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. इचलकरंजीत चाळीस वर्षं त्यांनी बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त केले आणि त्या खडखडाटाने त्यांचे दोन्ही कान नेले. पुढे बायको गेली, तसे ते गावाबाहेरच्या या लहानशा दर्ग्यात येऊन राहिले. झाडलोट करायची, दिवा लावायचा, येईल त्याचं ऐकायचं.

ऐकायचं म्हणजे बघायचं. मागांच्या आवाजात हयात गेलेल्या माणसाला समोरच्याचे ओठ वाचता येतात.

उमाकांतच्या घशाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. या वर्षभरात त्याला "काय? जरा मोठ्यानं बोला" असं न म्हणणारा हा पहिला माणूस.

"शेंगा खा," चाचा म्हणाले.

"मी काहीतरी विचारलं."

"कळलं की. खरा कुठला, ते. आधी खा. घसा दुखत असंल तर चावून चावून खा."

उमाकांतने एक दाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिला...

अकरा वर्षांनी तो इथे आला होता. अकरा वर्षं कुठे होतास, असं चाचांनी विचारलं नव्हतं. ते त्याला लागलं होतं.

तेहेतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. उमाकांत एकोणीस वर्षांचा. त्याचे दोन मित्र, श्रेणिक आणि सलीम. श्रेणिक गोव्याहून एक कॅसेट घेऊन आला. पंक रॉक. तीन सूर, भरधाव ताल आणि गळा फाटेस्तोवर आरडाओरडा. दुसऱ्या गावच्या पोरांना त्यात नुसता गोंगाट ऐकू आला असता. या तिघांना ते घरचंच वाटलं. जन्मल्यापासून भिंतीपलीकडे मागच धडधडत होते.

सुट्टीच्या दिवशी मागांची शेड रिकामी असे आणि तिची किल्ली चाचांकडे. उमाकांत गिटार घेऊन ओरडायचा, श्रेणिक बेस वाजवायचा, सलीम तेलाच्या रिकाम्या डब्यांवर ताल धरायचा. चाचा दारात उभे राहून बघायचे. तेव्हा त्यांना थोडं ऐकू येत असे.

"नावसुद्धा तुम्हीच ठेवलंत," उमाकांत म्हणाला. "खटका."

"म्या कशाला नाव ठेवतोय?"

"ठेवलंत चाचा. पहिलं गाणं संपलं आणि तुम्ही ओरडलात. खटका!"

"आरं, दिव्याचा खटका. दिवसाढवळ्या लाईट जळत हुती. म्या म्हणलं, खटका बंद करा."

ही हकीकत त्याने शेकडो वेळा स्टेजवरून सांगितली होती. एका वृद्ध फकिराने आमच्या संगीतातली वीज ओळखली, असं तो सांगायचा. लोक टाळ्या वाजवायचे.

"बरं," चाचा म्हणाले. "मग पुढं काय झालं?"

"पुढं काय... एकेक जण सोडून गेला."

त्याने सगळं सांगितलं. पाच वर्षांनी श्रेणिक गेला. वडिलांना अर्धांगवायू झाला, कापडाच्या दुकानात बसायला कुणी नव्हतं. त्याच्या जागी आलेला दोन वर्षांत मास्तर होऊन कोकणात गेला. मग सलीम गेला, मस्कतला. मग आले आणि गेले, आले आणि गेले. कुणाचं लग्न झालं. कुणाला देव सापडला. केतकी नावाची एक मुलगी होती, ड्रम्सवर बसली की स्टेजच्या फळ्या हलायच्या. सहा वर्षं टिकली. एका सकाळी म्हणाली, दादा, मला झोप हवी आहे. आणि गेली.

चार कॅसेट, सहा सीडी. सांगली, बेळगाव, पुणे, बंगळूर, एकदा थेट शिलाँग. तेहेतीस वर्षांत तेवीस माणसं बदलली.

"मी एकटा राहिलो," उमाकांत म्हणाला. ओठ मात्र त्याने अगदी स्पष्ट हलवले. "पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मी एकटा. लग्न केलं नाही. घर केलं नाही. मी एक दिवससुद्धा खटका सोडला नाही."

चाचांनी टरफलं फुंकून बाजूला केली.

"सलीम गेला, तवा भेटला हुता का तुला?"

"आला होता."

"मग?"

"मी दार उघडलं नाही."

दाराबाहेर सलीम अर्धा तास उभा होता. त्याच्या हातातल्या ड्रमच्या काठ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज उमाकांतने आतून ऐकला होता. नवा कोण येईल त्याला द्यायला त्या त्याने उंबऱ्याशी ठेवल्या आणि तो निघून गेला. त्याच आठवड्यात उमाकांतने गाणं लिहिलं. गाण्याचं नाव 'गद्दार'.

ते गाणं खटक्याची ओळख झालं. बाकी काही वाजवलं नाही तरी चालेल, पण गद्दार वाजलं पाहिजे असं लोक म्हणायचे. कडव्याच्या शेवटी सगळा जमाव बोटं रोखून ओरडायचा: गेलास! गेलास! गेलास!

सलीमनंतर सहा ड्रमर आले. सहाहीजणांनी ते गाणं वाजवलं आणि मग शेवटचा सोडून बाकीचे पाचही गेले. जो जाईल त्याच्या नावाने पुढच्या कार्यक्रमात ते गाणं व्हायचं. उमाकांत माइक धरून आधी नाव घ्यायचा. केतकीचंही घेतलं होतं. हेही त्याने चाचांना सांगितलं.

"आणि आता ती पोरं," तो म्हणाला. "शेवटची तिघं. घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आवाज राहणार नाही. आठ महिने थांबली पोरं. मग पुण्याहून माझ्या खोलीवर आली, विचारायला. एक मुलगी आणलेली, संजीवनी कोरवी. शिवणकाम करते. म्हणाली, सर, तुमची परवानगी असेल तर मी गाईन."

"तू काय म्हणलास?"

उमाकांत मान खाली घालून टरफलं गोळा करू लागला.

"दार उघडलं नाहीस," चाचाच म्हणाले.

दर्ग्याच्या पायरीवर ऊन सरकत होतं. पलीकडे कुठेतरी माग चालू असावेत, पायरीचा दगड बारीक थरथरत होता. चाचांचा एक तळहात त्या दगडावर टेकलेला होता.

"त्यांनी माझ्याशिवाय सुरू केलं. नाव तेच. गाणी तीच. गेल्या रविवारी कोल्हापुरात कार्यक्रम होता, दुपारी चारला, मैदानावर. मी गेलो."

"कसं झालं?"

हे मात्र सांगायचं त्याने ठरवलं नव्हतं. तरी सांगितलं.

तिकीट काढून तो मागे उभा राहिला. आजूबाजूला विशीतली पोरं. त्यातल्या दोघांच्या टी-शर्टवर खटक्याचं चिन्ह होतं, त्यानेच कधीकाळी वहीत काढलेलं. कुणी त्याला ओळखलं नाही. एक पोरगं म्हणालं, "काका, इथं धक्काबुक्की होईल, तुम्ही तिकडं खुर्चीवर बसा की." अगदी मायेने म्हणालं. उमाकांतला सांगायचं होतं की मी कोण आहे. तोंड उघडलं. हवा निघाली. पोराने कान पुढे केला, मग हसून मान हलवली आणि त्याला हाताला धरून खुर्चीवर नेऊन बसवलं.

ती मुलगी गायला लागली. चांगली गायली. त्याच्या आवाजात जी चीर होती ती तिच्यात नव्हती, तिची वेगळीच होती. चौथ्या गाण्याला उमाकांतचा पाय ठेका धरू लागला आणि त्याने तो हाताने दाबून धरला.

मग त्यांनी गद्दार सुरू केलं.

"नाव घेतलं का तुझं?" चाचांनी विचारलं.

"नाही. कुणाचंच घेतलं नाही तिने. नुसतं गाणं. पण चाचा..."

तेवीस वर्षं ते गाणं त्याने स्टेजवरून म्हटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसून ऐकलं. हजार पोरं त्याच्याकडे पाठ करून, स्टेजकडे बोटं रोखून ओरडत होती: गेलास! गेलास! गेलास! त्या हजारांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की मागे खुर्चीवर कोण बसलंय.

तो उठला आणि एसटी पकडून परत आला. आठवडाभर खोलीतून बाहेर पडला नाही. बाहेर पडून तरी काय करणार? दुकानात गेला की काउंटरवर टकटक करावी लागायची. फोन त्याने केव्हाच बंद करून ठेवला होता. आवाज नसलेल्या माणसाला फोन कशाला?

आज सकाळी उठून तो वकिलाकडे गेला होता. तिथून इकडे.

त्याने शबनममधून कागद काढले.

"नाव मी परत घेणार. खटका माझा. वकील म्हणतो, सुरुवात मी केली हे सांगणारा साक्षीदार हवा. शेडची किल्ली तुमच्याकडे होती. तुम्ही सही करा."

चाचांनी हात झटकले, सदऱ्याला पुसले, दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर चढवला. कागद अगदी डोळ्यांजवळ नेला.

"कुठं करायची?"

उमाकांतला वाटलं होतं की चाचा नाही म्हणतील. दोन शब्द सुनावतील. त्याची उत्तरंही त्याने वाटेत जुळवून ठेवली होती.

"इथे," तो म्हणाला.

चाचांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर सुटं. "खरं हाय त्ये. सुरू तूच केलंस."

मग त्यांनी पान उलटलं. "आणि हे काय?"

"माजी सदस्यांची यादी. सगळ्यांना नोटीस पाठवावी लागते, कुणी हक्क सांगू नये म्हणून. वकिलाने नावं आणि पत्ते मागितलेत."

यादीत तेवीस नावं होती. उमाकांतचं अक्षर सुरेख होतं. नावांपुढे रेघा आखलेल्या. रेघांवर काही नव्हतं.

चाचांचं बोट पहिल्या नावावर थांबलं. "श्रेणिक. कुठं असतो?"

"दुकान होतं त्याचं... आता बंद आहे. बहुतेक मुलाकडे गेला."

"कुठल्या गावाला?"

उमाकांतने मान हलवली.

बोट खाली सरकलं. "हा?"

"कोकणात. कुठे ते..."

"ही केतकी? झोप मिळाली का तिला?"

उमाकांतने चाचांकडे पाहिलं. ते खरोखरच विचारत होते.

"माहीत नाही."

बोट एकेका नावावर थांबत गेलं. चाचा दर वेळी मान वर करून त्याच्या ओठांकडे बघत. सातव्या-आठव्या नावापासून ओठ हलेनासे झाले. तरी चाचांनी एकही नाव सोडलं नाही. तेविसाव्या नावापर्यंत गेले...

मग पुन्हा वर आले. "सलीम."

"मस्कतला असेल."

"न्हाई. आलाय परत. मिरजंला असतो, मुलीकडं. गुडघे गेल्यात." चाचांनी चष्मा वर सरकवला. "दोन वर्सं झाली, हितं आलता. तू बसलायस तिथंच बसला हुता. उमा कुठं असतो, म्हणला. पुण्यात शोधला म्हणं. तू जागा बदललेली."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? मला ठावं न्हाई म्हणलं."

उमाकांतच्या हातातला दाणा पायरीवर पडला. त्याने तो उचलला नाही.

"मला शोधत होता?"

चाचांनी यादी मांडीवर सपाट केली आणि पेन मागितलं. उमाकांतने दिलं. तेविसाव्या नावाखाली थोडी कोरी जागा होती. तिथे चाचांनी चोवीस हा आकडा घातला. पुढे, सही केली तशीच, सुटी सुटी अक्षरं काढायला सुरुवात केली.

उ. मा. कां. त.

उमाकांत बघत राहिला. मग पुढे झुकून त्याने चाचांचं मनगट धरलं.

"चाचा, मी गेलो नाही. मी राहिलो होतो. मी एकटा राहिलो होतो..."

चाचांनी त्याचे ओठ शेवटपर्यंत वाचले. मनगट सोडवून घेतलं नाही. तसंच धरू दिलं आणि त्याच हाताने आडनावही लिहून पूर्ण केलं. त्याच्यापुढे, बाकीच्यांसारखीच, एक रेघ मारली.

मग चाचांनी पेनाचं टोक त्या रेघेवर ठेवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले,

"पत्ता सांग. परत कुणी हुडकत आलं, तर द्यायला पायजे की."