पहिल्या घासाला शाबासकी

एकदा एक शिष्या आपल्या गुरूकडे निघाली, तेव्हा तिच्या काखेत लेकरू होते आणि पदराखाली मऊ भाताची वाटी. गुरू म्हणजे गोधड्या शिवणाऱ्या एक वृद्ध आजी. लग्न होऊन शिष्या या गावात आली, तेव्हा त्यांनीच तिला सुई धरायला शिकवली होती.

लेकराचे, राघूचे, नुकतेच उष्टावण झाले होते. मामाने मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावली, ओवाळणी झाली, सगळ्यांचे तोंड गोड झाले. राघूने मात्र खीर हनुवटीवर आणून सोडली. तेव्हापासून पेज असो की मऊ भात, घास आत गेला की जिभेवरून बाहेर.

थोरली जाऊ म्हणाली, "उष्टावण झालं ना? मग अंगावरचं दूध तोड. पोट भरलेलं असल्यावर कोण खाईल? भुकेनं कळवळला की झक मारत खाईल."

शिष्येने ऐकले आणि दिवसाचे पाजणे बंद केले. राघू रडून रडून मलूल झाला, पण भात काही गिळेना. तिची छाती दुधाने दगडासारखी झाली आणि मनात एकच भीती घर करून बसली: लेकरू अन्नावाचून सुकणार, आणि दोष आपलाच.

"आजी, हा खातच नाही हो. याला अन्नाचा तिटकाराच आहे."

"आधी पाज त्याला."

"पाजलं तर मग खाईल कसा?"

"पाज म्हणते ना! माझ्यापुढं कसली लाज?"

राघू असा प्यायला की त्याच्या मुठी हळूहळू सैल झाल्या. मग थोड्या वेळाने आजींनी हात धुतले, त्याला मांडीवर ताठ बसवले आणि बोटाच्या टोकावर चिमूटभर भात कुस्करून ओठांशी धरला. राघूने तोंड उघडले. जीभ पुढे आली आणि भात हनुवटीवर.

"शाबास!" आजी म्हणाल्या.

दुसरा घासही बाहेर आला. "शाबास रे वाघा!"

शिष्येच्या डोळ्यांत पाणी तरळले. "माझा इथं जीव जातोय आजी, आणि तुम्ही थट्टा करताय?"

आजींनी शेजारच्या चवडीच्या तळाची एक जुनी गोधडी ओढली. टाके कुठे लांब, कुठे आखूड, ओळ तर शेतातल्या पाऊलवाटेसारखी वाकडी. "ही कुणाची गं?"

"माझी. पहिली."

"तेव्हा तुला शिवणाचा तिटकारा होता?"

"नाही हो. हाताला वळण नव्हतं."

"मग मी तुला उपाशी ठेवून शिकवलं का?"

"छे! आधी भाकरी वाढायचात, मग सुई द्यायचात."

"तर मग!" आजी म्हणाल्या. "जन्मल्यापासून याच्या जिभेला एकच विद्या ठाऊक आहे, दूध ओढायची. त्यात जीभ पुढंच येते. घास मागं न्यायची विद्या नवी आहे, पोरी. बाहेर आलेला घास म्हणजे नकार नव्हे, तो वाकडा टाका आहे. सध्या दूध हेच त्याचं जेवण, ही वाटी त्याची शाळा. उपाशीपोटी कुणाला शाळा सुचते? आणि त्यानं तोंड फिरवलं की शाळा सुटली. कोंबायचं नाही."

तेवढ्यात राघूने आजींचे भाताचे बोट स्वतःच धरून तोंडात घातले, हिरड्यांनी चावले आणि चिंच खाल्ल्यासारखे तोंड केले. बराचसा भात बाहेर आला. थोडा मात्र आला नाही.

"गेला! आजी, आत गेला!" शिष्या रडता रडता हसू लागली.

संध्याकाळी जाऊ दारातून डोकावली. "काय, खाल्लं का तुझ्या राजानं? का पुन्हा पदराखालीच?"

पदराखाली दूध पिणाऱ्या राघूच्या केसांतून हात फिरवत शिष्या शांतपणे म्हणाली, "शाळा सुटली, ताई. आता जेवतोय."